शेडातली मिरज

आमच्या कोंबड्यांच्या शेडात एक मिरज हाय. दारातनं आत शिरलं की डाव्या हाताच्या कोपऱ्यात, जुना पत्रा आडवा लावून केल्याली. आत एक जास्तीचा बल्ब, पाण्याचं एक भांडं, खाद्याची एक ताटली. लॉटातलं, म्हंजी एका खेपेला आल्याल्या पिल्लांतलं, जे पिल्लू वाढत न्हाई, मान पाडून बसतंय, ते उचलायचं आन् पत्र्याच्या आत सोडायचं. सोडताना आमचं मामा म्हणायचं, "ह्येला मिरजंला धाडला." मामा म्हंजी माझं सासरं, गुंडा त्यांचं नाव. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणत्यात. हिकडं कुणाला काय बी झालं की सगळी मिरजंलाच पळत्यात, दवाखान्यांचं गाव ते. म्हणून मामांनी कोपऱ्याला ते नाव ठिवलं, आन् आता गावातली दुसरी शेडवाली बी तसंच म्हणत्यात.

फरक येवढाच की खऱ्या मिरजंतनं माणसं बरी हून येत्यात. आमच्या मिरजंतनं कुणी येत न्हवतं. एक-दोन दिस पाण्यातनं टॉनिक पाजायचं, तरी बी उठलं न्हाई तर मामा त्याची मान पिरगाळायचं आन् मागल्या खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. त्यात वाईट वाटून घ्यायचं काय? पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, आपण नुसतं सांभाळायचं. न वाढणारं पिल्लू खाद्य खातंय आन् वजन धरत न्हाई, त्याला कुठवर पोसणार?

मला गावात तोंडाळ म्हणत्यात. म्हणू द्यात. आमचं मालक फौजेत, तिकडं राजस्थानात. विश्वजीत त्यांचं नाव, पर मी आपली मालकच म्हणत्ये. आत्या, म्हंजी सासूबाई, जाऊन चार वर्सं झाली. घर, शेड आन् म्हातारा, सगळं माझ्या डोस्क्यावर. मी गोड बोलत बसले असते तर ऐन उन्हाळ्यात पिल्लं तहानेनं मेली असती.

संक्रांत झाली आन् मामांचं जेवण कमी झालं. भाकरी दुधात कुस्करून खायला लागलं. मग नुसतं दूध. प्रत्येक घासामागं पाण्याचा घोट, आन् घोट घेताना मान अशी वर करायचं की मला कोंबडीच आठवायची. मी म्हणलं, "आवं मामा, माझी भाकरी आत्ताच वातड लागायला लागली व्हय?" ते म्हणायचं, "दात गेलं गं." खोटं. दात हुतं की सगळं. लेंग्याची नाडी मात्र आवळून आवळून निम्मी बाहेर लोंबायला लागली. मग मी नानासोची गाडी सांगितली. नानासो आमच्या भावकीतला, भाड्यानं गाडी चालवतोय. मामांस्नी बळंच बसवून कडेगावला डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर तरणा हुता, पर नीट तपासलं त्यानं. मला बाजूला घिऊन म्हणाला, "अन्ननलिकेत काहीतरी आहे. मिरजेला न्या, दुर्बीण घालून बघतील. उशीर करू नका." आन् तवर अंगात ताकद ऱ्हावी म्हणून प्रोटीनच्या पावडरचा डबा लिहून दिला. वेलचीच्या वासाची. दुधात कालवून दोन टायमाला.

घरी आल्यावर मामांनी डबा हातात घिऊन फिरवून बघितला.

"ह्ये काय हाय?"

"ताकदीची पावडर."

"म्हंजी टॉनिक."

"व्हय, टॉनिकच म्हणा."

"टॉनिक चालू झालं, आन् डॉक्टर म्हनला मिरजंला न्या." मामांनी डबा खाली ठिवला. "म्हंजी मला बी मिरजंत काढला म्हन की."

मला हसू आलं. पर मामा हसत न्हवतं. मी म्हणलं, "आवं, ते पिल्लांचं झालं. तुमी काय पिल्लू हाय का?" तर म्हणालं, "टॉनिक पाजनारा मीच, मान मोडनारा बी मीच. त्या दोन्हीच्या मधी किती अंतर आसतंय ते मला नगं शिकवूस. मी न्हाई जायाचा."

झालं. तितनं पुढं म्हातारं हट्टाला पेटलं. समजावून झालं, रागवून झालं, भावकीतली माणसं आणून झाली. मालकांना फोन लावला तर तिकडनं हुकूम सुटला, "उचलून गाडीत घाल आबांस्नी." मी म्हणलं, "तुमी या आन् घाला. मी सून हाय, पैलवान न्हाई." त्यास्नी बी सुट्टी मिळंना, मग नुसताच आवाज चढवून काय उपयोग? माणूस म्हंजी काय खाद्याचं पोतं न्हाई, उचललं आन् टाकलं.

अशात नवा लॉट आला. पिल्लं आली की पहिलं गूळपाणी द्यायचं असतंय. प्रवासानं दमलेली असत्यात, गूळपाण्यानं जीव धरत्यात. मामा दरवर्साला गुऱ्हाळावरनं खास ढेप आणून ठेवायचं. त्या दिवशी बी खाली तुसात बसून एकेकाची चोच पाण्यात बुडवत हुतं. अंगात बळ न्हवतं, पर हात तसंच हलकं. आठवडा गेला आन् दरवेळसारखी काही पिल्लं मागं पडली. मामांनी पहिलं पिल्लू उचललं, पत्र्याच्या आत सोडलं आन् माझ्याकडं बघितलं.

"पोरी, शर्त लावतीस?"

"कसली शर्त?"

"ह्या मिरजंतलं एक जरी पिल्लू लॉटाबरबर कंपनीच्या गाडीत चढलं, तर मी येतो तुज्या मिरजंला. न्हाई चढलं, तर पुन्यांदा त्या गावाचं नाव माज्यापुढं काढायचं न्हाई."

दुसरी कुणी असती तर म्हणली असती, हा काय खेळ हाय का. मी हात पुढं केला. मामांची जबान म्हंजी जबान, ती मोडल्याली मी कवा बघितली न्हाई, आन् इतक्या दिसांत त्यांच्या तोंडनं 'येतो' हे पहिल्यांदाच आल्यालं. वर मनात म्हणलं, लॉट तर पाच-सहा आठवड्यांत विकायला निघतोय. आन् मी जिंकणारच हुते. लग्न झाल्यापास्नं पिल्लं वाढवत्ये, हजारांनी वाढवली, एक पिल्लू वाढवायला मला काय लागतंय? शेडवालीला दुसरं काय सुचणार? माणसाचा जीव धोक्यात असला तरी लॉटाचाच हिशेब सुचतोय.

मामांनी मिरजंतल्या प्रत्येक पिल्लाच्या पायात काळा दोरा बांधला. बारक्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून बांधत्यात, तसा. म्हणालं, "दोरा सोडून धडधाकट पिल्लाला बांधशील तर बग. मला पिल्लू न पिल्लू वळखू येतंय." खरं सांगायचं तर माझ्या मनात तेच आल्यालं.

मग मी कामाला लागले. व्हिटॅमिनचे थेंब, कॅल्शियम, लिव्हरचं टॉनिक, वर उकडल्याल्या अंड्याचा बलक कुस्करून. कोंबडीच्या पिल्लाला कोंबडीचंच अंडं, जगाची रीत उलटी केली मी. रोज सकाळी आधी मिरज बघायची, मग बाकीचं शेड. घरी देवाला दिवा लावायचा एखाद वेळी ऱ्हायचा, पर ह्यांचं पाणी चुकलं न्हाई.

कंपनीचा सुपरवायझर यशराज दर आठवड्याला वजनं घ्यायला यायचा. पोरगं गुणी, बोलणं मऊ. कोपऱ्यात बघून म्हणाला, "वैनी, ही कशाला ठेवलीत? काढून टाका. नुसतं खाद्य जातंय."

"ऱ्हाऊ दे रं. ह्यास्नी घरचा मका भरडून घालत्ये, तुझ्या कंपनीचा दाणा न्हाई."

"पण कशासाठी?"

"हौस हाय मला."

तो हसला आन् गेला. आत्ता वाटतंय, तवाच सांगायला पायजे हुतं. पर कोण सांगणार, की माझा सासरा ह्या कोंबड्यांवर अडून बसलाय?

पहिली काही मेलीच. ती वाचणारी न्हवतीच. पर तिसऱ्या आठवड्यात ऱ्हायलेली चार उठली. पंख फुटलं, पायात जोर आला, भांड्याभोवती ढकलाढकली करायला लागली. एकाचं तर पायाचं बोट वाकडं, ते सगळ्यात दांडगं. मामांनी त्याचा दोरा सोडून सैल करून बांधला आन् मला हाक मारून दाखवला. "पाय जाड झाला बग. दोरा रुतत हुता." म्हाताऱ्याच्या तोंडावर असं हसू मी लय दिसांनी बघितलं.

आन् पावडरचा डबा बी संपत आल्याला. मामा आताशा शेडावरच जेवत हुतं, पिल्लांवर ध्यान ठेवायचं म्हणून. मी मऊ भाताचा डबा धाडायची, पावडर कालवल्याल्या दुधाचा तांब्या धाडायची, दोन्ही रिकामं परत यायचं, धुवून पुसून. मी खुशीत. मालकांना फोनवर सांगितलं, "पित्यात बरं का आता. दुसरा डबा आणायला सांगितलाय नानासोला." मामा वाळतच चालल्यालं, ते मला दिसत हुतं. पर मी म्हणायची, ऊन लय हाय, शेडात घाम जातोय. माणसाला जे बघायचं नसतंय त्याला कारण लगेच गावतंय.

चौथ्या आठवड्यात मिरजंतली तीन पिल्लं एका दिसात गेली. चांगली वाढत्याली, आदल्या दिवशी उड्या मारत्याली. मी हबकलेच. यशराज नेमका त्या दिवशी आल्याला. त्यानं एक पिल्लू उचललं, खिशातनं पातं काढलं आन् पोट उघडून माझ्याफुडं धरलं. काळजावर, लिव्हरवर पांढरा थर. भिंतीला चुना मारावा तसा.

"गाऊट आहे वैनी. बारक्या पिल्लांना प्रोटीन जास्त झालं की मूत्रपिंडं बसतात आणि हे असं होतं. वाढावीत म्हणून जे घालताय तेच मारतंय त्यांना. काय घालताय?"

मी सगळं सांगितलं. टॉनिक, कॅल्शियम, बलक.

"एवढ्यानं इतकं होत नाही. अजून काय?"

"अजून काय न्हाई बाबा."

तो गेल्यावर मी पत्र्याच्या आत वाकले. पाण्याचं भांडं उचललं. पाणी दुधाळ हुतं, तळाला साका. नाकाला लावलं तर वेलचीचा वास.

मामा शेडाच्या दारात, सावलीला, क्रेट पालथा घालून बसल्यालं. मी भांडं त्यांच्याफुडं आदळलं. "मामा, तुमची पावडर कुठं जातीया?"

मी पुन्हा इचारलं. शेडातल्या कोंबड्या बुजाव्यात इतक्या मोठ्यानं इचारलं.

"गिळत न्हाई गं," मामा म्हणालं. "आदी निम्मी मी प्यायाचो, निम्मी त्यास्नी. आता दूद बी उतरंना. पानी घोट घोट घेतो, त्येतलं बी निम्मं मागारी येतंय. येवडा म्हागाचा डबा, फेकून दिऊ व्हय? तूच म्हनली ताकदीची पावडर हाय."

"आन् जेवणाचा डबा?"

"कुत्र्याला."

"मग सांगायचं न्हाई मला?"

"सांगितलं आस्तं तर तू गाडी आनली आस्तीस."

"आणलीच असती की. त्यासाठीच असतीया गाडी."

मामांनी माझ्याकडं बघितलं. डोळं खोल गेल्यालं. "पोरी, मला भ्या वाटतंय गं. मला काय मराची हौस हाय व्हय? मला बी जगायचंय. विश्वाला निवृत्त हून घरी आल्याला बगायचाय. पन ह्या कोपऱ्यातनं कोन उटून भाईर गेल्यालं मी जल्मात बगितलं न्हाई. येकदा बगू दे. येकच. मग तू म्हनशील तितं येतो."

मला इतका राग आला, इतका राग आला, की मी तितंच बसून रडले. माझ्या सासऱ्याला बरं व्हायचं हुतं, म्हणून तो आपलं औषध पिल्लांना पाजत हुता. आन् मी त्याला बरं करायचं म्हणून त्याच पिल्लांना दुसरीकडनं चारत हुते. दोघांनी मिळून मारली ती.

मिरजंत आता ते वाकड्या बोटाचं एकटंच ऱ्हायल्यालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शर्त-बिर्त काय बघितलं न्हाई, नानासोला गाडी घिऊन बोलावलं. गाडीचा आवाज आल्याबरोबर मामा शेडात शिरलं आन् आतनं कडी घातली. आमी दोघं दारावर थापा मारतोय, मामा कडी काढंनात. ऊन चढलं. आत हजारो कोंबड्या, त्यांचं पाण्याचं टायम झाल्यालं, उन्हात विजेचं पंखं लावलं न्हाईत तर अर्ध्या तासात मेल्याल्या कोंबड्यांचा खच पडतोय. नानासो म्हणाला, "वैनी, दार फोडू का?" दार फोडून म्हाताऱ्याला फरफटत न्यायचं, तेबी गिळता येत न्हाई अशा माणसाला? मला हुईना ते. मी दारातनंच म्हणलं, "मामा, उघडा. लॉट चार दिसांत निघतोय. निघाल्यावर जाऊ." तवा कडी निघाली.

चार दिस म्हणलं हुतं. घरचं झालं थोडं, आन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं झालं. कंपनीचा फोन आला, बाजारात कोंबडीचा रेट पडलाय, गाडी पुढल्या आठवड्यात. पुढला आठवडा आला, तर अजून थांबा. मी यशराजला फोन करून करून भंडावला. "एक गाडी तरी धाड रं बाबा. सासऱ्यास्नी मिरजंला न्यायचंय."

"मग न्या की वैनी. कोंबड्यांकडं बघायला मी माणूस देतो."

आता ह्याला काय सांगू? मी म्हणलं, "तुला न्हाई कळायचं," आन् फोन ठिवला.

त्या दिसांत मामांस्नी चमच्यानं पाणी पाजायची मी. मीठ-साखर घालून, अधनंमधनं नारळाचं पाणी. अर्ध्या वाटीला तास जायचा. कडेगावचा डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून जायचा आन् जाताना दरवेळी त्येच म्हणायचा, मिरजेला न्या. सलाईन संपली की मामा भिंतीला धरत धरत शेडावर जायचं, वाकड्या बोटाच्या कोंबडीफुडं बसायचं. कोंबडी कसली, आता चांगली पांढरीफेक झाल्याली, लॉटातल्यापरास बारकी, पर पायावर भक्कम. दोरा आणखी दोनदा सैल केला त्यांनी.

शेवटी एका संध्याकाळी गाडी आली. पकडणारी पोरं शेडात शिरली, कोंबड्यांचं पाय धरून क्रेट भरायला लागली. मामा खांबाला टेकून उभं. सकाळी दाढी करून घेतल्याली, धुवट सदरा घातल्याला. सगळं शेड रिकामं झाल्यावर त्यांनी स्वतः वाकून वाकड्या बोटाचं उचललं आन् वजन करणाऱ्याच्या हातात दिलं. त्यानं तळहातावर तोललं. "आजोबा, हे बारकं हाय. माघारी ठेवा, घरी खावा."

"काट्यावर घाल," मी म्हणलं.

"ताई, आवं हे..."

"घाल म्हणत्ये न्हवं. तुझ्या मालकाला सांग, आगाव बाई हुती."

त्यानं माझ्याकडं बघितलं, म्हाताऱ्याकडं बघितलं आन् क्रेटमधी सारलं. क्रेट वर चढला. गाडीत चढलं म्हंजी ते कुठं गेलं, हे आमा दोघांस्नी बी ठावं हुतं. पर शर्त गाडीत चढायची हुती, पुढची न्हवती. मामा गाडी वळणावर जाईस्तवर बघत ऱ्हायलं. मग म्हणालं, "सकाळी नानासोला सांग."

मिरजंत दवाखान्यात एक बाई डॉक्टर हुत्या, माझ्याच वयाच्या. दुर्बीण झाली, मशीनमधनं फोटो झालं. मग मला एकटीला खोलीत बोलावलं.

"पाणी किती दिवसांपासून उतरत नव्हतं?"

मी सांगितलं.

"आणि आज आणताय? आधी का नाही आणलं?"

"लॉट निघायचा हुता."

"कसला लॉट?"

"कोंबड्यांचा."

त्यांनी पेन खाली ठिवलं. त्यांची नजर मला कळली. सासऱ्याच्या घशाखाली पाणी उतरत न्हाई आन् ही बया कोंबड्या विकत बसली. माझ्या तोंडाची सगळ्या गावाला भीती, पर त्या खोलीत ते तोंड कामाचं न्हवतं. काय सांगणार हुते? पिल्लाच्या पायाला काळा दोरा हुता म्हणून सांगू?

त्यांनी नीट समजावलं मग. गाठ हाय, लिव्हरपर्यंत गेल्याली. ऑपरेशनचा उपयोग न्हाई. अन्ननलिकेत जाळीची एक नळी बसवता येईल, म्हंजी पातळ काय बी पोटात जाईल, उपासमार हुणार न्हाई. बाकी घरीच न्या, त्यांच्या आवडीचं द्या, माणसांत ठेवा. मी इचारलं, "दोन महिने आधी आणलं असतं तर?" इचारायला नको हुतं. त्या म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही." असं म्हणत्यात तवा त्यास्नी सांगता येत असतंय.

नळी बसवली. दुसऱ्या दिवशी नर्सनं मामांस्नी कपभर चहा दिला. मामांनी भीत भीत घोट घेतला आन् मान वर करून वाट बघितली. मग दुसरा घोट. मग तिसरा. "उतरला गं," मामा म्हणालं. "पोरी, उतरला." सगळा कप संपवला, आन् बाजूच्या खाटंवरच्या माणसाला पिल्लाची सगळी गोष्ट सांगितली, दोऱ्यासकट. मी व्हरांड्यात जाऊन उभी ऱ्हायले.

तिसऱ्या दिवशी सोडलं. मामांनी नर्सला, झाडूवालीला, लिफ्टवाल्याला, सगळ्यांस्नी हात जोडलं. नानासोच्या गाडीत पुढल्या सीटवर बसलं, काच खाली केली. डॉक्टर काय म्हणाल्या ते नानासोला मी आधीच सांगितल्यालं, मामांस्नी न्हाई. एरवी त्याची टकळी बंद पडत न्हाई, त्या दिवशी त्यानं रस्त्यावरनं नजर काढली न्हाई.

"मिरजंतनं परत आलो का न्हाई?" मामा तासगाव येईस्तवर त्येच म्हणत हुतं. "उगंच भ्यालो मी. तुजं आदीच ऐकाय पायजे हुतं. आता पुडला लॉट जरा थंडावा पडल्यावर घिऊ. बारकी पिल्लं येकदम काडायची न्हाईत, काय? येकेकाला येळ लागतोय."

"व्हय मामा."

मालकांना मी अजून काय सांगितलं न्हवतं. फोन लागत न्हवता, आन् लागला असता तरी कुठल्या तोंडानं सांगणार हुते. मामांनी माझ्याकडनं फोन मागून घेतला आन् स्वतःच लावला. तो नेमका तवाच लागला.

"विश्वा, मला सोडलं रं दवाखान्यातनं. च्या प्यालो, पेज प्यालो. व्हय, चांगला हाय. तू कशाला सुट्टी मोडतोस? दिवाळीला ये निवांत." मग फोन माझ्याकडं दिला. "त्येचा इस्वास बसंना. तू सांग त्येला."

मी फोन कानाला लावला.

"खरं हाय का गं?" मालक म्हणालं. "आबांस्नी सोडलं?"

"व्हय. सोडलंय. घरी निघालोय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

मामा मागं वळून माझ्या तोंडाकडं बघत हुतं.

"घरीच न्या म्हणाल्या."

मालक हळू म्हणालं, "कवा निघू?"

"आजच."

मी फोन खाली ठिवला. मामांनी इचारलं, "काय म्हनला?"

"आज निघत्यात म्हणालं."

"आजच?" मामा हसलं, आन् नानासोच्या खांद्यावर थाप मारली. "बगितलंस का रं नानासो? बाप बरा झाला म्हनल्यावर पोराला दम निगंना."